थोरली आधी, मग धाकटी

१४ सप्टेंबर १९९८, सोमवार. आजचं काम: फडतऱ्यांच्या डोक्यात आहे ते कागदावर आणणे.

डायरीत हे लिहून मी पेनाला टोपण लावलं आणि कॉम्प्युटर रूमकडे निघाले. दारात फडतरे उभे होते. त्यांनी बोटाच्या पेरानं दार तीनदा वाजवलं, खाकरले, दोन पावलं मागे सरून थांबले आणि मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीचं दार वाजवून आत जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी तीन वर्षं रोज पाहत होते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "फडतरे, आत कोण आहे?"

"बाईमाणसं हाईत, म्याडम. एकदम आत शिरू नये."

आतली बाईमाणसं म्हणजे आमच्या दूध संघाचे दोन सर्व्हर. कमरेएवढ्या उंचीची दोन राखाडी खोकी. एक वर्षभर आधी आलं, त्याचं नाव थोरली. मागाहून आलं ते धाकटी. फडतऱ्यांच्या मते त्या एका घरातल्या जावा होत्या आणि त्यांच्याशी वागायची एक रीत होती. ती रीत फक्त त्यांनाच माहीत होती. हेच माझं दुखणं होतं.

दोन सर्व्हर का घेतले, तेही सांगते. आमचे चेअरमनसाहेब अभ्यास दौऱ्यावर गेले होते. असे दौरे हिवाळ्यात आणि सपत्नीक असतात. तिथं एका विक्रेत्यानं त्यांना दोन मशीन जोडून दाखवल्या आणि एकीची वायर ओढली. दुसरीनं क्षणात काम हातात घेतलं. साहेब इतके खूश झाले की वार्षिक सभेत त्यांनी हे प्रात्यक्षिक दोन पाण्याच्या तांब्यांवर करून दाखवलं. "एक बंद पडली तरी दुसरी हाय! दूध थांबणार न्हाई!" सभासदांनी टाळ्या वाजवल्या. एक गोष्ट विक्रेत्यानं विचारली नाही आणि आम्ही सांगितली नाही. आमच्याकडे एक मशीन बंद पडत नाही. आमच्याकडे लाईट जाते, आणि ती दोघींची एकदमच जाते.

बॅटऱ्या वीस मिनिटं टिकत. जनरेटर होता, पण तो दूध गार ठेवणाऱ्या यंत्रांचा. त्यावर कॉम्प्युटर लावा म्हटलं की डेअरी मॅनेजर माझ्याकडे असं बघत, जणू मी त्यांना दुधात पाणी घालायला सांगते आहे. त्यामुळे लाईट गेली की वीस मिनिटांनी थोरली आणि धाकटी दोघी आडव्या. आणि वडूज, म्हसवड, मलकापूरहून येणारे टँकर फाटकात उभे, कारण मशीनमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय टँकर रिकामा करायचा नाही असा चेअरमनसाहेबांचा दुसरा हुकूम होता.

लाईट परत आली की या दोघींना पुन्हा उठवायचं काम फडतऱ्यांचं.

फडतरे मूळचे वडूजजवळच्या एका वाडीचे. सैन्यात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून सुटले आणि संघात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. लढाईत काय केलं असं विचारलं की म्हणत, "निरोप पोचवले." पुढे एक अक्षर नाही. संघात वायरलेस आला, तो त्यांच्याकडे गेला. टेलेक्स आला, तो त्यांच्याकडे गेला. ज्याला वायर आहे ते फडतऱ्यांचं, या न्यायानं कॉम्प्युटरही त्यांच्याचकडे गेला. पुण्याला पाठवून तीन आठवड्यांचं शिक्षण दिलं. परत आले ते सगळ्या इंग्रजी आज्ञा तोंडपाठ करून. अर्थ विचारला तर म्हणत, "अर्थ तिला कळतो. आपण हुकूम द्यायचा."

सिग्नलमधून ते एक खोड घेऊन आले होते. कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं म्हणून दाखवत. आणि आपण काही सांगितलं की समोरच्याकडून म्हणवून घेत.

"दोन चा, एक बिनसाखरेचा. रिपीट करा."

"आवं हवालदार," चहाची टपरी चालवणारा सदाशिव कळवळायचा, "धा वर्सं त्योच चा देतोय की!"

"रिपीट."

"दोन चा, एक बिनसाखरेचा."

"ओके."

सदाशिवनं पुढे फाटकातूनच रिपीट ओरडत यायला सुरुवात केली. एकदा चेअरमनसाहेबांना फोनवर मीटिंगची वेळ सांगून फडतरे म्हणाले, "साहेब, रिपीट करा." मग साहेबांनी वेळ म्हणून दाखवली. दुसऱ्यानं बोललेलं वाक्य साहेबांच्या तोंडून जसंच्या तसं निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मी त्यांना एकदा म्हटलं, "माणूस ऐकतो हो फडतरे. प्रत्येकाला शाळेत बसवू नका."

"ऐकलं असंल, म्याडम. पर रिपीट आली न्हाई तर निरोप पोचला न्हाई. पोचला असंल म्हणून चालत न्हाई."

थोरली-धाकटीवर त्यांचा जीव होता तो याच कारणानं. धाकटी दर दोन सेकंदांनी वायरीतून थोरलीला विचारते, आहेस का? थोरली सांगते, आहे. दिवसभर हेच. उत्तर आलं नाही की धाकटी समजते, थोरली गेली, आणि घर ताब्यात घेते. फडतरे सदाशिवला बोलावून हा प्रकार पडद्यावर दाखवायचे. "बघ. दर दोन सेकंदाला रिपीट. ह्याला म्हणायचं शिस्त."

"आनि मला धा वर्सांत एकदाच इचारता व्हय तुमी?" सदाशिव म्हणायचा.

माझ्या टेबलावरचा आणि कॉम्प्युटर रूममधला फोन एकाच लाइनवर होते. त्या फोनला त्या काळात एक रोग जडला होता. लाईट जाऊन आली की थोड्या वेळानं तो वाजायचा. दोनदा. मी रेकॉर्डच्या खोलीतून धावत यावं, उचलावा, तर पलीकडे कुणी नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर सुलभाताई बसत. तक्रारींचं रजिस्टर त्यांच्याकडे. त्यांनी तीन तक्रारी नोंदवल्या. लाइनमन तिन्ही वेळा आला. पहिल्यांदा त्यानं वायर बदलली, दुसऱ्यांदा फोन बदलला, तिसऱ्यांदा खांबावरच्या पेटीतली पाल हाकलली. फडतरे हाताची घडी घालून बाजूला उभे राहून सगळं बघत. एकदाही तोंड उघडलं नाही. मग या चैत्रात रोग आपोआप बरा झाला. लाइनमन येऊन म्हणाला, "बघा म्याडम, पालच व्हती." मी त्याला चहा पाजला.

मशीन आपोआप उठाव्यात असा प्रयत्न आधी झाला नव्हता असं नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून टाय लावलेला इंजिनिअर आला होता. त्यानं एक फाईल लिहिली, की लाईट आली की दोघींनी आपलं आपण उठायचं. फडतरे मागे हात बांधून उभे होते.

"साहेब, धाकटी झटक्यात उठती. थोरलीला टाइम लागतो."

"म्हणून धाकटीला मी एक मिनिट थांबायला सांगितलंय."

"एका मिनटानं भागत न्हाई."

"का?"

"न्हाई भागत."

इंजिनिअर हसला, चहा प्यायला आणि दुपारच्या गाडीनं गेला. तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि आली. आता, लाईट अचानक गेली की थोरली उठताना आपली सगळी कपाटं एकेक उघडून तपासते. पाहुणे गेल्यावर वाट्या मोजणाऱ्या बायका असतात, तशी. धाकटी मिनिटभर थांबली, तिनं विचारलं, आहेस का? थोरली कपाटात डोकं घालून बसलेली. उत्तर नाही. धाकटीनं घर ताब्यात घेतलं. थोड्या वेळानं थोरली बाहेर आली आणि थोरलेपणाला शोभेल असं, कुणाला काही न विचारता, तिनंही घर ताब्यात घेतलं.

आमच्या डेअरीला दोन फाटकं. एका फाटकाच्या नोंदी एकीकडे जाऊ लागल्या, दुसऱ्याच्या दुसरीकडे. थोरलीच्या लेखी म्हसवडचा टँकर आलाच नव्हता. धाकटीच्या लेखी तो येऊन रिकामा होऊन गेला होता. टँकर मात्र फाटकात उन्हात उभा होता. ते ऊन एप्रिलचं होतं. दोन वाजता ड्रायव्हर झाकण उघडून आत बघून आला आणि माझ्या टेबलापुढे उभा राहिला.

"म्याडम, तुमच्या ह्या दोन जावांच्या भांडणात माझं दूध फाटलं की वो!"

सगळा टँकर. म्हसवडच्या बाजूला पाणी नाही, चारा नाही, माणसं जनावरं कशी जगवतात ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांचं सकाळचं दूध आम्ही नाल्यात सोडलं. फडतरे नाल्याच्या कडेला उभे होते. एवढंच म्हणाले, "मी बोललो व्हतो. त्येंनी रिपीट दिली न्हाई."

त्या दिवसापासून ती फाईल बंद करून ठेवली. मशीन फडतऱ्यांनी हातानं चालू करायच्या, दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशीही त्यांना बोलावता यावं म्हणून संघानं आधीच त्यांच्या घरी फोन दिला होता. ते सायकलवर यायचे. चार दिवस रजा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आनि ह्या दोघी?" माणसाला आपलं महत्त्व किती असावं, मी मनात म्हणायचे.

आणि आता तीस सप्टेंबरला ते निवृत्त होणार होते. मॅनेजिंग डायरेक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, त्यांच्याकडून सगळं काढून घ्या आणि मशीन ऑटोमॅटिक करा. पुन्हा दूध फाटलं तर मी तुमच्याकडे बघेन." कॉम्प्युटर मला येत नव्हता. पण पुस्तकात लिहिलेलं वाचून तसं करणं मला येतं. दोन दिवस मी ते जाडजूड पुस्तक वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की पुण्याच्या त्या इंजिनिअरनं सगळं बरोबर लिहिलं होतं. चुकला होता एक आकडा. धाकटीनं किती सेकंद थांबायचं, तो. साठ कमी पडतात हे नाल्यात दिसलंच होतं. भरपूर थांबू द्यावं म्हटलं, तर धाकटी तीन मिनिटांत आली नाही की थोरली आतून कडी घालते, मग तिला आत घ्यायला पुन्हा माणूस हवा. म्हणजे साठच्या वर, एकशे ऐंशीच्या खाली. मधला कुठला? करून बघायचं तर डेअरी बंद ठेवावी लागणार. डेअरी मॅनेजर एकाच चाचणीला कबूल झाले, तीस तारखेला दुपारी, दोन टँकरांच्या मधे.

मला एक आकडा हवा होता. तो फडतऱ्यांकडे होता. म्हणून चौदा तारखेला मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"फडतरे, थोरली चालू केल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

"तिची येळ हुईस्तवर."

"म्हणजे किती?"

"ते कळतं."

"कशावरून कळतं?"

"आतनं कळतं, म्याडम."

"कुणाच्या आतनं? तुमच्या का मशीनच्या?"

"आता तुमी वाकडं बोलाय लागलात."

मी वाकडं बोलणं सोडून मेमो दिला. मेमोला सरकारी माणूस घाबरतो, सहकारी माणूस निदान चुळबुळतो. फडतऱ्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सुंदर अक्षरात. 'आपला मेमो मिळाला. त्यात आपण लिहिले आहे की,' आणि पुढे माझा अख्खा मेमो, स्वल्पविरामासकट. शेवटी: 'वरीलप्रमाणे समजले.' खाली सही. प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

मी घड्याळ हातात घेतलं. सोळा तारखेला लाईट गेली. ती आली तेव्हा मी कॉम्प्युटर रूमच्या काचेबाहेर उभी राहिले. फडतऱ्यांनी दार वाजवलं, आत गेले, थोरलीपुढे टाचा जुळवून उभे राहिले आणि बटण दाबलं. मग माझ्याकडे पाठ करून फोनकडे गेले, काहीतरी केलं, स्टुलावर बसले. पडद्याकडे बघत नव्हते. भिंतीवर घड्याळ नव्हतं, हातातही नाही. मग उठले आणि धाकटीचं बटण दाबलं. दोन मिनिटं वीस सेकंद. अठरा तारखेला पुन्हा: दोन मिनिटं वीस. एकवीसला: दोन मिनिटं वीस. घड्याळाशिवाय इतकं नेमकं थांबणारा माणूस मला संशयास्पद वाटला. आकडा मिळाल्यासारखा होता. पण तो कुठून येतो हे कळल्याशिवाय त्यावर म्हसवडचा टँकर सोडायची माझी तयारी नव्हती.

चोवीस तारखेला लाईट आली तेव्हा मी माझ्या टेबलाशी होते. फाटकावर फोन करावा म्हणून मी रिसीव्हर उचलला, तर लाइन मोकळी नव्हती. पलीकडे कुठे तरी घंटी वाजत होती. एक. दोन. खट्. ठेवला कुणी तरी.

मी तडक कॉम्प्युटर रूममध्ये गेले. दार वाजवलं नाही. फडतरे स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर, आणि फोनकडे बघत होते.

"कुणाला लावला होता?"

"घरी."

त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला माहीत होतं. एक मुलगी, ती जवान नवऱ्याबरोबर कुठल्याशा छावणीत. बायको, मालनबाई, चैत्रात गेल्या. मी भेटायला गेले होते. चौथ्या दिवशी फडतरे सायकलवर कामावर हजर होते.

"घरी कोण आहे?" तरी मी विचारलं.

"कोन न्हाई."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं. थांबा. मी थांबले. ते फोनकडे बघत राहिले. मग उठले, धाकटीचं बटण दाबलं, आणि मशीनकडे तोंड करूनच बोलले.

"लाईट गेली की मला जेवाय जायला उशीर व्हायचा. ती बिनजेवायची बसायची. म्हणून दोन रिंगा. दोन रिंगा म्हंजे लाईट आली, काम हाय, तू जेवून घे. तिनं उचलायचा न्हाई. संघाचा फोन हाय, घरच्या बोलन्याला न्हाई. उचललाच न्हाई तर वापर झाला न्हाई."

"आणि मग?"

"मग तिनं रिपीट द्यायची. दोन रिंगा, हिकडं. साळा शिकली न्हवती, पर नंबर पाठ करून घेतला हुता तिच्याकडनं."

तीन तक्रारी, नवीन वायर, नवीन फोन आणि एक निरपराध पाल माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

"तुम्ही त्या लाइनमनला का नाही सांगितलंत?"

"त्यानं इचारलं न्हाई." मग ते म्हणाले, "तिचा गुडघा आखडलेला. परड्यातनं फोनपतूर यायचं, खाली बसायचं, नंबर फिरवायचा. तिची रिपीट आली की मी धाकटीला उठवायचो. तवर थोरली उठलेली असायची. एकदा बी चुकलं न्हाई."

"आणि आता?"

"आता तेवढीच येळ थांबतो."

अशा वेळी मी कामाचं बोलते.

"एकशे चाळीस सेकंद," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही एकशे चाळीस सेकंद थांबता. दोन मिनिटं वीस. मी तीनदा मोजलंय."

ते माझ्याकडे वळले. "दोन मिन्टं?"

"आणि वीस सेकंद."

"एवढा येळ लागायचा व्हय तिला?" ते म्हणाले. "मला वाटायचं, झटक्यात येती. आनि मी दरयेळंला तिला चालवत आनायचो."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. फडतऱ्यांनी कीबोर्ड ओढला, इंजिनिअरची ती बंद फाईल उघडली आणि एका बोटानं साठ खोडला. एक, चार, शून्य.

"एकशे चाळीस," ते म्हणाले. "रिपीट करा."

तीन वर्षं मी त्यांना रिपीट दिली नव्हती. मी अधीक्षक होते, ते ऑपरेटर.

"एकशे चाळीस," मी म्हणाले.

"ओके."

तीस तारखेला दुपारी डेअरी मॅनेजर, मॅनेजिंग डायरेक्टर आणि चेअरमनसाहेब, त्यांच्यामागे हार घेतलेला शिपाई, असे सगळे कॉम्प्युटर रूममध्ये दाटीवाटीनं उभे होते. आत येण्याआधी फडतऱ्यांनी दार वाजवलं होतं, त्यामुळे चेअरमनसाहेबांनाही खाकरून दोन पावलं मागे सरावं लागलं. बाहेर वडूजचा टँकर वाट बघत होता. मेन स्विच पाडला, बॅटऱ्या सोडवल्या. दोघी गेल्या. स्विच वर केला.

थोरलीचे दिवे लागले. धाकटीनं पडद्यावर एक ओळ टाकली आणि गप्प राहिली.

"ही का उठंना?" चेअरमनसाहेब म्हणाले.

"थांबलीय," मी म्हणाले.

"कशाला?"

याचं उत्तर द्यायची वेळ नव्हती. मी घड्याळ बघत होते. साठ गेले. नव्वद गेले. फडतरे मागे हात बांधून उभे होते. मधेच त्यांचा उजवा हात सुटला, फोनच्या दिशेनं वीतभर गेला, आणि परत मागे जाऊन डाव्या हाताला धरून बसला. एकशे तीस. थोरलीनं शेवटचं कपाट लावलं. एकशे चाळीस. आहेस का? आहे.

फाटकावरून पहिली चिठ्ठी निघाल्याचा निरोप आला. चेअरमनसाहेबांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपल्या दूरदृष्टीवर चार वाक्यं बोलले. मग शाल, नारळ, हार, आणि संघातर्फे भेट म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ. वस्तू निवडायची समिती होती, तीन सदस्यांची.

फडतरे म्हणाले, "आपसूक उठल्या," आणि नाक पुसलं. जाताना त्यांनी मला किल्ली दिली आणि घडी घातलेला एक कागद. मी पंधरवडाभर मागत होते तो. अकरा सूचना होत्या. पहिली: आत जाण्यापूर्वी दार वाजवणे.

ते गेल्यावर मी सह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यात एक पत्र होतं. कर्मचारी निवृत्त झाल्यामुळे त्याच्या घरचा कार्यालयीन फोन काढून घेण्याबाबत. बरोबरच होतं. मशीन आता आपोआप उठणार, मग फडतऱ्यांना बोलावायचं कशाला? मी पेन उघडलं. सहीच्या जागी शेरा लिहिला: 'लाईट जाऊन आल्यावर दोन्ही सर्व्हर सुरू झाल्याची पडताळणी सदर फोनवर करावी लागते. फोन काढू नये.' खाली तारीख घातली.

खोटा शेरा लिहायची मला सवय नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खरा करून टाकला.

आठच्या सुमाराला लाईट गेली, नऊला आली. मी कॉम्प्युटर रूमपाशी गेले. व्हरांड्यात कुणी नाही असं बघून घेतलं आणि दार वाजवलं. आत थोरली उठली होती. धाकटी थांबली होती. तिची वेळ झाल्यावर तीही उठली. पडद्यावर ओळी दिसू लागल्या, आहेस का, आहे, आहेस का, आहे. मी कुलूप लावून माझ्या टेबलाशी आले, फडतऱ्यांचा नंबर फिरवला, दोन घंट्या वाजू दिल्या आणि रिसीव्हर ठेवला. घड्याळ बघितलं. परड्यातून यायचं, खाली बसायचं, नंबर फिरवायचा. एखाद मिनिट मी धरून चालले होते.

अकराव्या सेकंदाला फोन वाजला. दोनदा वाजला आणि थांबला.

सुलभाताईंनी मान वर केली. "आला का परत तो रोग?" असं म्हणून त्यांनी तक्रारींचं रजिस्टर पुढे ओढलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "चालू आहे तो."